घरासाठी बंदूक कोणती? आधी नियम तीन वाचा!

"वकीलसाहेब, शस्त्र परवाना काढायचा आहे. घरात ठेवायला कोणती बंदूक बरी? मी आजवर कधी हातातसुद्धा धरलेली नाही." हा प्रश्न घेऊन वाकड, ताथवडे, पुनावळे, हिंजवडी या पट्ट्यातून माझ्याकडे माणसे येतात. त्यांत दोन प्रकार असतात. एक, अकराव्या मजल्यावर कर्ज काढून फ्लॅट घेतलेला, कंपनीच्या बसने हिंजवडीला जाणारा आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घरफोडीची बातमी वाचून झोप उडालेला. दुसरा, मावळ, मुळशी, खेडमधल्या एखाद्या गावाबाहेरच्या वस्तीत राहणारा, ॲट्रॉसिटीची फिर्याद दिल्यापासून ज्याच्या दारावरून रात्री-बेरात्री मोटारसायकली फिरतात तो. प्रश्न दोघांचा एकच, पण दोघांना एकच उत्तर देणारा वकील हा वकील नव्हे, अर्ज भरून देणारा एजंट आहे. दुकानदार तर उत्तर देणारच नाही, त्याला माल खपवायचा आहे. म्हणून हा विषय एकदा उघडपणे मांडणे गरजेचे आहे.

पहिल्या गृहस्थापासून सुरुवात करू. आपल्याकडे बंदूक ठेवणे हा मूलभूत हक्क नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगताच येत नाही. वय २१ पूर्ण हवे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे असू शकतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. वाकडकरांसाठी परवाना देणारे अधिकारी म्हणजे १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालयाचे आयुक्त. आयुक्तालयाच्या हद्दीबाहेरच्या गावांसाठी जिल्हाधिकारी. एवढे सगळ्यांना माहीत असते. माहीत नसते ते पुढचे.

कलम १३ मध्ये कायद्याने हत्यारांत भेद केलेला आहे. नळीची लांबी किमान वीस इंच असलेली, आतून गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपण जिला बारा बोअरची बंदूक म्हणतो ती, एखाद्या नागरिकाने संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितली आणि त्याच्याविरुद्ध काही अडचण नसेल, तर परवाना द्यावा असा कायद्याचा कल आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मागितले तर मात्र "सबळ कारण" दाखवावे लागते. आमचा शहरी माणूस नेमका उलटा अर्ज करतो. त्याला हवे असते कमरेला खोचता येईल असे पिस्तूल. घराच्या संरक्षणासाठी कमरेला खोचायची गरज काय, हे विचारले की तो गप्प होतो! खरी गोष्ट अशी की या पट्ट्यात जमिनी विकून गुंठामंत्री झालेल्यांनी पिस्तुलाला दागिन्याचा दर्जा दिला. लग्नात, वाढदिवसाला, गाडीच्या डॅशबोर्डवर ते दिसले पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने समारंभात हवेत गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद करावी लागली, यावरून हा दागिना कुठवर पोहोचला होता ते कळते.

आता नवशिक्याचा प्रश्न. ज्याने कधी गोळी झाडलेली नाही अशा माणसाच्या हातात काय बरे? हत्यारे बाजूला ठेवून आधी माणसाचा विचार करा. मध्यरात्री दोन वाजता खाडकन जाग आलेली आहे, हात थरथरत आहेत, दिवा लावलेला नाही, चष्मा सापडत नाही. अशा माणसाला जितके कमी करावे लागेल तितके बरे. म्हणून पिस्तूल त्याच्यासाठी सर्वांत वाईट. पिस्तुलात गोळ्यांची मॅगझिन वेगळी निघते, आणि मॅगझिन काढली की हत्यार रिकामे झाले असे नवशिक्याला वाटते. एक गोळी आत चेंबरमध्ये बसलेली असते. साफसफाई करताना, मित्राला दाखवताना, "रिकामेच आहे" म्हणत जे अपघात होतात त्यांतले कितीतरी या एका गोळीचे असतात. रिव्हॉल्व्हर त्या मानाने सरळ. फिरता गोल बाजूला काढला की गोळ्या डोळ्यांना दिसतात, आणि एखादी गोळी उडाली नाही तर चाप पुन्हा ओढला की पुढची येते. आपल्याकडे सामान्य नागरिकाला ज्या .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर मिळते, त्यात कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली खास महिलांसाठी म्हणून "निर्भीक" नावाचे रिव्हॉल्व्हर काढले. किंमत सुमारे सव्वा लाख! निर्भयाच्या नावाने काढलेले हे हत्यार कोणत्या निर्भयाला परवडणार होते? मजूर अड्ड्यावर उभी राहणारी, आठ घरची धुणीभांडी करणारी, एमआयडीसीतून रात्रपाळी करून परतणारी बाई या हिशेबात कुठेच नव्हती.

पण रिव्हॉल्व्हर सरळ असले तरी आखूड नळीच्या हत्याराने नेम धरणे अवघड असते. चित्रपटात नायक धावता धावता गोळी मारतो, ते सोडा. वाकडपासून हाकेच्या अंतरावर म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात नेमबाजीचे मैदान आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे तिथे सराव करत आला. एकदा जाऊन पाहा, शांत उजेडात, स्थिर लक्ष्यावर नेम बसण्यासाठी ही मुले किती वर्षे घालवतात. आणि आमचा गृहस्थ परवान्यासाठी जेमतेम प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळवतो, दसऱ्याला हत्याराला हळद-कुंकू लावतो आणि समजतो की आपण सज्ज आहोत. शस्त्र नियम २०१६ ने सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण अर्जदाराला घालून दिले, हे चांगले झाले. मात्र एकदाचे प्रशिक्षण म्हणजे सराव नव्हे.

राहिली बारा बोअर. एकनळी किंवा दुनळी. लांब असल्याने दोन हातांत आणि खांद्यावर टेकून धरावी लागते, त्यामुळे थरथरत्या हातातही ती नळीच्या दिशेवर राहते. छर्रे पसरतात. उघडली की आत काडतूस आहे की नाही ते दिसते. लहान मुलाला ती खेळण्यासारखी खिशात घालून शाळेत नेता येत नाही. दुनळीची यंत्रणाही साधी. वस्तीतल्या घरात, शेतावरच्या घरात, नवशिक्यासाठी तीच त्यातल्या त्यात बरी, असे माझे मत आहे. आपल्या खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत, जी १८६९ पासून चालू आहे, आणि देहूरोडच्या संरक्षण कारखान्यांत आपल्या समाजातील कितीतरी माणसांनी आयुष्ये घालवली. त्यांना विचारा. काडतुसाची भीती काय असते हे त्यांच्याइतके कोणी जाणत नाही, आणि त्यांतल्या फारच थोड्यांनी घरी बंदूक ठेवलेली मी पाहिली.

फ्लॅटमध्ये मात्र बारा बोअरसुद्धा नको, असेच मी सांगतो. भिंतीपलीकडे दुसऱ्याचे मूल झोपलेले असते, आणि आजकालच्या बिल्डरांच्या भिंती आपण जाणतोच. शिवाय परवाना ज्याच्या नावावर त्याच्यापुरताच असतो. नवरा हिंजवडीत रात्रपाळीला, हत्यार कपाटात, घरी बायको आणि सासू. परवाना त्यांचा नाही, प्रशिक्षण त्यांचे नाही. मग हे संरक्षण कोणाचे? किल्ली नवऱ्याच्या खिशात असेल तर हत्यार निरुपयोगी आणि किल्ली घरात असेल तर मुलांच्या हाती लागण्याची धास्ती. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेता गोविंदा यांच्या जुहूच्या घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात घुसली. पडद्यावर कितीतरी वेळा पिस्तूल हातात धरलेल्या माणसाची ही गत. अमेरिकेत, जिथे शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेतच आहे, तिथे १९९३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या घरात बंदूक, त्या घरात खून होण्याचा धोका सुमारे पावणेतीन पट आढळला, आणि मारणारे बहुतेक वेळा घरचे किंवा ओळखीचे. त्या अभ्यासावर पुढे पुष्कळ वाद झाले. तरी बाहेरच्या चोरासाठी आणलेली बंदूक घरातल्या भांडणात हाती येते, हे सांगायला अमेरिकेचा अभ्यास कशाला हवा? आमच्या फौजदारी न्यायालयांत रोज बसा.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. गोळी झाडल्यानंतर काय? भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खासगी बचावाचा हक्क देतात. पूर्वी भारतीय दंड विधानात हीच कलमे ९६ ते १०६ होती. जिवावर बेतले, बलात्काराचा हल्ला झाला, ॲसिड फेकले जात असेल, तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. सूर्यास्तानंतरची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, यातही जातो. पण कलम ३७ ची वेस आहे. पोलिसांकडे जायला वेळ होता का? गरजेपेक्षा जास्त इजा केली का? पळणाऱ्याच्या पाठीत गोळी मारली तर बचाव कसला? आणि बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर, म्हणजे तुमच्यावर. १०-१२ वर्षे खटला, मधल्या काळात हत्यार जप्त, नोकरी गेलेली. फ्लॅटवाल्याला मी म्हणतो, दाराला चांगले कुलूप, लोखंडी सेफ्टी डोअर, सोसायटीच्या वॉचमनला माणसासारखा पगार, आणि ११२ क्रमांक. सव्वा लाखात हे सगळे होऊन पैसे उरतील.

आता दुसरा माणूस, वस्तीतला. त्याला "कुलूप लाव" म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. त्याच्या दाराला कुलूप लावण्यासारखी भिंतच नसते, आणि त्याच्यावर येणारा चोर नसतो, गाव असते.

या माणसाचा निःशस्त्रपणा नैसर्गिक नाही, तो घडवलेला आहे. चातुर्वर्ण्याने खालच्या वर्णांना शस्त्र नाकारले, म्हणून ते बंड करू शकले नाहीत, हे बाबासाहेबांनी १९३६ साली "जातिप्रथेचे निर्मूलन" या ग्रंथात स्पष्टपणे मांडले. ज्या महारांनी १८१८ साली कोरेगावला बंदूक चालवली, त्यांचीच लष्करभरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली आणि ती पूर्ववत होऊन महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडावे लागले. तरीही, हेही लक्षात घ्या, १९४८ च्या डिसेंबरात संविधान सभेत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क असावा अशी दुरुस्ती सुचवली तेव्हा बाबासाहेबांनी तिला विरोध केला. कोणीही बाजारात जाऊन कोणतेही हत्यार विकत घेऊ लागला तर राज्य चालणार कसे, हा त्यांचा सवाल होता. ज्याच्याकडे पैसा आणि गुंड, त्याच्याकडेच जास्त बंदुका जमा होतील, हे ओळखायला फार दूरदृष्टी लागत नाही. सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाल्यानंतर एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचे उघड झाले. हे परवाने ऊसतोड मजुरांच्या खोप्यांत होते काय?

मुळशीचे उदाहरण तर दाराशी आहे. जमिनीच्या वादात शेतकऱ्यांसमोर पिस्तूल धरल्याची २०२३ ची चित्रफीत २०२४ च्या जुलैमध्ये देशभर फिरली. पिस्तूल परवान्याचे, आणि ते धरणारी व्यक्ती एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याची आई. गुन्हा दाखल झाला, अटकही झाली. पण तो परवाना मुळात "स्वसंरक्षणा"साठीच मिळालेला होता ना?

म्हणून नियम तीन. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम १९८९ खाली १९९५ साली जे नियम झाले, त्यातल्या नियम ३(१) मध्ये राज्य शासनाची कामे क्रमाने लिहिली आहेत. आधी, जिथे अत्याचार होण्याची किंवा पुन्हा घडण्याची भीती आहे ते क्षेत्र निश्चित करायचे. मग जिल्हा दंडाधिकारी आणि पोलिस अधीक्षकांनी तिथे जाऊन परिस्थितीचा आढावा घ्यायचा. मग, आवश्यक वाटल्यास, त्या क्षेत्रातील अनुसूचित जाती-जमातीचे नसलेल्या व्यक्तींचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे आणि कुटुंबाच्या स्नेह्यांचेसुद्धा शस्त्र परवाने रद्द करून ती हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करायची. मग बेकायदा अग्निशस्त्रे जप्त करायची. आणि त्यानंतर, पाचव्या क्रमांकावर, जीवित व मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना शस्त्र परवाने द्यायचे.

हा क्रम पुन्हा एकदा वाचा. आमच्यातले अनेक उत्साही कार्यकर्ते थेट पाचव्या क्रमांकावर उडी मारतात. हाथरसनंतर, ऑक्टोबर २०२० मध्ये, भीम आर्मीच्या चंद्रशेखर आझाद यांनी २० लाख बहुजनांना परवाने आणि खरेदीसाठी निम्मे अनुदान द्या अशी मागणी केली होती. त्यामागचा संताप मला समजतो. पण वकील म्हणून मी विचारतो, समोरच्या वाड्यात तीन परवान्याच्या बंदुका आणि दोन गावठी कट्टे तसेच राहिले, तर आपल्या एका दुनळीने काय होणार? पहिला अर्ज त्यांच्या बंदुका जमा करण्याचा हवा. त्याला पैसे लागत नाहीत, सराव लागत नाही, आणि त्यातून आपल्या लेकराला इजा होण्याची भीती नाही. बेकायदा कट्टेही कुठून येतात हे गुपित नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टी गावापर्यंत जाऊन तिथल्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. जे पोलिस सातपुड्यापर्यंत जाऊ शकतात, ते चाकणच्या गोठ्यात दडवलेल्या कट्ट्यापर्यंतही जाऊ शकतात. त्यांना लेखी सांगावे लागते, आणि पोच घ्यावी लागते.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातील चौघांना जमावाने मारले. मारहाणीच्या प्रकरणात सुरेखाताईंनी साक्ष दिली होती आणि त्या प्रकरणातले आरोपी त्याच दिवशी जामिनावर सुटले होते. झोपडीत एक बंदूक असती तर त्या जमावापुढे ती किती वेळ टिकली असती? त्या दिवशी कमी पडला तो नियम तीनचा पहिला आणि दुसरा खंड. भीती आहे हे ओळखणे, आणि कोणीतरी तिथे जाणे.

तरीही काही ठिकाणी पाचव्या खंडाची वेळ येते. रानातले एकटे घर, पोलिस ठाणे वीस किलोमीटरवर, साक्षीदार कुटुंब, आरोपी मोकाट. तिथे परवाना मागावा, ठासून मागावा, आणि बारा बोअरचाच मागावा. कारण तो मिळणे सोपे आणि चालवणेही सोपे. शक्य असेल तर घरातल्या कर्त्या बाईच्या नावाने स्वतंत्र अर्ज करावा आणि तिनेच प्रशिक्षण घ्यावे. पुरुष कामावर गेल्यावर घरी तीच असते. अर्ज करताना कारकून सातबारा मागेल, आयकराची कागदपत्रे मागेल, "तुझ्याकडे राखायला आहे काय?" असे विचारेल. त्याला शस्त्र अधिनियमाचे कलम १४(२) दाखवा. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. भूमिहीनाच्या जिवालाही किंमत आहे, हे १९५९ सालीच संसदेने मान्य केलेले आहे!

दुसरा सापळा जास्त धूर्त आहे. आपण ॲट्रॉसिटीची फिर्याद दिली की दुसऱ्या दिवशी आपल्यावर दरोड्याची, खंडणीची उलट फिर्याद. मग पोलिस "शांतता राखण्यासाठी" दोन्ही बाजूंना प्रतिबंधक कारवाईच्या नोटिसा काढतात. पूर्वीचे कलम १०७, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १२६. आपला माणूस कटकट नको म्हणून तहसीलदारासमोर बंधपत्र लिहून देतो. इथे तो अडकतो. शांतता राखण्याचे किंवा चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र देण्याचा आदेश झालेल्या माणसाला, त्या बंधपत्राची मुदत चालू असेपर्यंत, शस्त्र अधिनियमाचे कलम ९ हत्यार मिळू देत नाही. म्हणून त्या नोटिशीला वकिलामार्फत लेखी उत्तर द्या, मी पीडित आहे, गैरअर्जदार नाही, हे नोंदवा. सही करून मोकळे होऊ नका.

परवाना नाकारला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि कलम १८ खाली अपील आहे. पोलिस आयुक्तांच्या आदेशावरचे अपील मंत्रालयात गृहखात्याकडे जाते. तिथे काय चालते याची झलक २०२५ मध्ये पुणेकरांनी पाहिली. पोलिसांनी नाकारलेला, एका कुख्यात गुंडाच्या भावाचा परवाना अपिलात मंजूर झाल्यावरून मोठे वादळ उठले. ज्या दारातून तो अर्ज आत गेला, त्याच दारातून आपल्या साक्षीदार बाईचा अर्जही गेला पाहिजे, शिफारसपत्राऐवजी नियम ३(१)(पाच) चा उल्लेख करून.

आणि प्रत्येक तालुक्यातल्या एका तरी कार्यकर्त्याने या महिन्यात माहिती अधिकाराचे दोन अर्ज टाकावेत. एक पुणे जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात, दुसरा पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालयात. १९९५ पासून नियम ३(१) खाली किती क्षेत्रे निश्चित केली, तिसऱ्या खंडाखाली किती परवाने रद्द करून हत्यारे जमा केली, पाचव्या खंडाखाली किती परवाने दिले, वर्षनिहाय आकडे द्या, एवढेच विचारायचे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, शुल्क दहा रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील लगेच दाखल करा, आणि उत्तर आले तर त्याची एक प्रत या वृत्तपत्राच्या कार्यालयाकडे पाठवा.